मिसो सूप मिठाच्या पाण्यासारखं का झालं? नागपूरच्या शाकाहारी ओट्यावरचं जपानी जेवण

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. लेक दोन वर्षं ओसाकात राहून आली. आल्यापासून तिला तिथल्या रोजच्या साध्या जेवणाची आठवण येते, म्हणून तुम्ही मनीषनगरच्या तुमच्या घरी, जिथे मांस-मासळी कधी शिजत नाही, तिच्यासाठी मिसो सूप केलं. ते ‘मिठाचं पाणी’ झालं. तिने काही न बोलता संपवलं आणि तुम्हाला त्याचंच जास्त लागलं. आता तुमच्यापुढे बावीस जिन्नसांची यादी आहे, अर्धे महाग आणि अर्धे नागपुरात दिसत नाहीत. यातलं घ्यायचं काय आणि कशाला काय चालेल, असं तुम्ही विचारलंय.

मी ओसाकाजवळ अकरा वर्षं संसार केला. शेजारच्या एका आजींच्या ओट्याशी उभी राहून तिथला स्वयंपाक शिकले. गेली नऊ वर्षं नागपुरात घरीच चार-पाच जणींना तो शिकवते. त्यातल्या निम्म्या जणी तुमच्यासारख्याच शाकाहारी घरातल्या असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कशाला काय चालेल, हे ठरवण्याआधी त्या पदार्थात कोण काय काम करतंय ते कळायला हवं. आमटीत घालायला आमसूल नसलं तर आपण चिंच घालतो, कारण आमसुलाचं काम आंबटपणा देणं आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. दिसायला काळं आहे म्हणून कोणी त्याच्या जागी काळा मसाला टाकत नाही. जपानी जिन्नसांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करतो. रूप बघून बदली शोधतो: तोफूच्या (सोयाबीनच्या दुधाची घट्ट वडी) जागी पनीर, मिरिनच्या (स्वयंपाकातलं गोडसर तांदळाचं मद्य) जागी मध, जपानी सोया सॉसच्या जागी चायनीजच्या गाडीवरचा काळा सॉस. तिथेच चव हुकते.

आता तुमचं सूप. मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि कोजी एकत्र करून महिनोन्महिने मुरवलेलं वाटण. कोजी म्हणजे तांदळावर किंवा जवावर मुद्दाम वाढवलेली उपयोगी बुरशी. मिसोचं काम खारटपणा आणि मुरल्याचा तो खास वास देणं. सूपाला अंग येतं ते ‘दाशी’मुळे, म्हणजे मिसो घालण्याआधी तयार केलेल्या चवदार पाण्यामुळे. तुम्ही साध्या पाण्यात मिसो कालवून त्याला चांगली उकळी आणली, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. म्हणजे डाळीशिवाय वरण केल्यासारखं झालं, वर उकळल्यामुळे मिसोचा वासही उडाला. कोणी सांगितल्याशिवाय हे कळणार कसं? तुमच्या हाताला मुळीच बोल लावू नका.

जपानी घरात रोजची दाशी बहुतेक दोन गोष्टींची असते. एक कोम्बू, म्हणजे समुद्रातली वाळवलेली जाड पानं, जी मुख्यतः होक्काइदोहून येतात. दुसरी कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धूर देऊन लाकडासारखा कडक केलेल्या माशाचा कीस. ही दुसरी तुम्ही वापरणार नाही, आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. आपण कामठीला ड्रॅगन पॅलेस बघायला जातो ना, जपानी देणगीतून उभं राहिलेलं? त्या देशातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांत ‘शोजिन ऱ्योरी’ नावाचा स्वयंपाक शतकानुशतकं चालत आला आहे. त्यात मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. तेव्हा शाकाहारी जपानी जेवण म्हणजे काहीतरी वजा केलेलं जेवण, असं मनात आणू नका. ती तिथली जुनी आणि मानाची वाट आहे.

शाकाहारी दाशीला कोम्बूबरोबर वाळवलेले शिताके मशरूम लागतात. त्यामागचं कारण सांगते. १९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाजारात आलं, तेच अजिनोमोटो. शिताकेत ग्वानिलेट नावाचा दुसरा घटक असतो. हे दोन एकत्र आले की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटीने वाढते. म्हणून फक्त कोम्बू किंवा फक्त शिताके घेऊन दाशी करणाऱ्याला काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं.

कृती अगदी सोपी आहे, पण तिला रात्र द्यावी लागते. एक लिटर पाणी, साधारण दहा ग्रॅम कोम्बू (पोस्टकार्डाएवढा तुकडा) आणि तीन-चार वाळके शिताके. कोम्बूवर पांढरट थर दिसेल. ती बुरशी नव्हे, चवीचाच भाग आहे. धुवू नका, कोरड्या फडक्याने वरची धूळ तेवढी पुसा. हे सगळं झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी गंज (नागपूरबाहेरच्यांसाठी: पातेलं) मंद आचेवर चढवा आणि समोर उभ्या राहा. गंजाच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसू लागले, बोट बुडवणार नाही इतकं पाणी तापलं, की कोम्बू बाहेर काढा. कोम्बू उकळला की पाणी बुळबुळीत होतं आणि त्याला समुद्राचा कडसर वास येतो. शिताके मात्र पुढे पाच-सात मिनिटं उकळू द्या. मग गाळा. दाशी फिक्या चहासारखी दिसेल आणि चाखली तर काहीच लागत नाही असं वाटेल. त्यात दोन चिमटी मीठ घालून परत चाखा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी हा घोट आधी देते, आणि दुसऱ्या घोटाला तिचा चेहरा बदलतोच.

सूप करताना दाशीत आधी भाजी शिजवायची. मुळ्याच्या पातळ चकत्या, गाजर, थोडा पालक, तोफू, जे असेल ते. मग गॅस बंद. पळीत मिसो घेऊन त्यातच थोडी दाशी घालून कालवायचं आणि हळूहळू गंजात सोडायचं. एका वाटीला एक सपाट पोह्याचा चमचा मिसो पुरतं. त्यानंतर उकळी नाही. परत गरम करावं लागलं तर वाफ येईपर्यंतच.

इथे एक गोष्ट तुमच्या घरावर अवलंबून आहे, ती म्हणजे पाणी. जपानातलं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं असतं. आपल्याकडे पेंचचं किंवा कन्हानचं नळाचं पाणी एक आणि सोसायटीच्या बोअरचं जड पाणी दुसरंच. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे कोम्बूतली चव नीट उतरत नाही, वर फेसासारखी साय येते. मी नागपुरात परतले त्या पहिल्या वर्षी आमच्या भाड्याच्या घरात बोअरचंच पाणी होतं. तोच कोम्बू, तीच कृती, आणि दाशी तुरट. दोन महिने मी स्वतःच्या हातावर शंका घेत होते. मग एक दिवस पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरलं आणि ओसाकाच्या ओट्याची चव परत आली. तुमच्याकडे बोअर असेल तर दाशी आणि भात दोन्ही आरओच्या पाण्यात करा.

पाकिटं घेतानाही जपून. काही मिसोत दाशी आधीच मिसळलेली असते, त्यावर ‘दाशी-इरी’ असं लिहिलेलं असतं आणि ती बहुधा माशाची असते. झटपट दाशीच्या पुड्याही बहुतेक माशाच्याच. घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची, हिरवा ठिपका बघायचा, तरच घ्यायचं. हॉटेलातल्या ‘व्हेज’ मिसो सूपाची दाशी कशाची, हेही विचारल्याशिवाय घेऊ नका. दुसरी काळजी त्याहून महत्त्वाची: कोम्बूत आयोडीन फार असतं. घरात कोणाला थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना रोज कोम्बूची दाशी देऊ नका.

कोम्बू महाग पडतो, रोज कसा वापरायचा, हा प्रश्न येणारच. इथे आपलं नागपूर कामी येतं. शोजिन स्वयंपाकात कोम्बू-शिताकेबरोबर भाजलेलं सोयाबीन, वाळवलेला मुळा आणि वाळवलेला भोपळा यांचंही पाणी दाशीसाठी वापरतात. वाळवलेल्या मुळ्याच्या किसाला ते ‘किरिबोशी दाइकोन’ म्हणतात. भोपळ्याच्या वाळवलेल्या लांब पट्ट्या म्हणजे ‘काम्प्यो’, आणि तो भोपळा आपल्या दुधीच्याच जातीतला. वाळवण तर आपल्या हातातलंच काम आहे! जानेवारीत कॉटन मार्केटमधून चांगले रसरशीत मुळे आणा, जाडसर किसा, सुती साडीवर पसरून गच्चीवर टाका. आपल्याकडची हवा इतकी कोरडी की दोन-तीन उन्हांत कीस पिवळसर आणि कुरकुरीत होतो. मुळ्याचा उग्रपणा निघून जातो आणि मागे एक गोडवा राहतो. मूठभर कीस वीस मिनिटं पाण्यात भिजवा आणि ते पाणी चाखून बघा. गोड लागेल. ते टाकायचं नाही, दाशीत मिसळायचं. कीस गाजराबरोबर थोड्या सोया सॉसमध्ये परतून शिजवला की भाजी तयार. मी वर्षभराचा डबा भरून ठेवते आणि कोम्बू आठवड्यातून दोनदाच काढते.

सोयाबीन भाजताना एक पथ्य पाळा. विदर्भात सोयाबीन घरोघरी, पण पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. ते खाण्यात चुकूनही येऊ देऊ नका. खाण्याचं सोयाबीन वेगळं विकत घ्या. त्याच सोयाबीनचा तोफू घरी होतो, पण सुरुवातीला बाजारचा घ्या. त्याच्या जागी पनीर मात्र नको. पनीर दुधाच्या स्निग्धतेचं आहे, मिसोच्या सूपात ते वेगळं पडतं. तोफूचं काम चव शोषून घेण्याचं आहे.

आता भात. तिथे जेवणाची घडी म्हणजे भात, सूप आणि बाजूला दोन-तीन छोट्या भाज्या. त्यात भात मधोमध, बाकी सगळं त्याच्यासाठी. आपल्याकडचा एचएमटी तांदूळ, जो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या शेतात निवडून काढला, वरणाबरोबर माझा सर्वात आवडता. पण त्याचं शित मोकळं होतं. जपानी भात काड्यांनी उचलायचा असतो, तेव्हा शितं एकमेकांना धरून हवीत. रोजच्यासाठी जपानी तांदूळ परवडणार नाही, आंबेमोहर घ्या. अगदी तसाच होत नाही, पण आखूड, मऊ आणि चिकटसर असल्यामुळे काम करतो. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चारदा धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा, वाटीला सव्वा ते दीड वाटी पाणी घाला. तांदूळ नवा असेल तर कमी, जुना असेल तर जास्त. कुकरची शिट्टी नको, जाड बुडाच्या गंजात घट्ट झाकण ठेवून शिजवा. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, वाफ जिरू द्यायची. या दहा मिनिटांत अर्धा भात होतो, असं आमच्या त्या आजी म्हणायच्या.

भाज्यांना तर नागपुरात काही आणावंच लागत नाही. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून थंड पाण्यात टाका, घट्ट पिळा आणि बोटभर लांब कापा. दोन चमचे तीळ भाजून खलात अर्धवट कुटा, त्यात चमचाभर सोया सॉस आणि अर्धा चमचा साखर, की झाली ‘गोमा-आए’. पालक पिळताना संकोच करू नका. पाणी राहिलं की सगळं बेचव होतं. काकडीचंही तसंच: चकत्यांना मीठ लावून ठेवायचं, पाणी सुटलं की पिळायचं, मग व्हिनेगर आणि साखर.

कोहळ्याची (नागपूरबाहेरच्यांसाठी: लाल भोपळा) भाजी ते मंद शिजवतात, साल ठेवून, मोठ्या फोडी करून. इथे त्यांचं एक सूत्र कामाला येतं: सा, शि, सु, से, सो. तिथल्या बाराखडीतली ही एक ओळ आहे आणि मसाले घालण्याचा क्रमही. आधी साखर (सातो), मग मीठ (शिओ), मग व्हिनेगर (सु), मग सोया सॉस (जुन्या लेखनात ‘से’ने सुरू होणारा), शेवटी मिसो. साखर फोडीत शिरायला वेळ घेते आणि मीठ आधी घातलं तर ती आत जात नाही, म्हणून ती पहिली. सोया सॉस आणि मिसोचा वास उडतो, म्हणून ते शेवटी. फोडी बुडतील न बुडतील एवढीच दाशी घाला आणि गंजापेक्षा लहान स्टीलची ताटली थेट भाजीवर उपडी ठेवा. थोडा रस सगळीकडे फिरतो आणि फोडी फुटत नाहीत. तिथे याला लाकडी झाकण असतं. माझ्याकडे इतवारीतून घेतलेली ताटली चौदा वर्षं तेच काम करते आहे.

मिरिनबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. खऱ्या मिरिनमध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. तुमच्या घरात तो चालणार नसेल तर सोडून द्या. त्याचं काम सौम्य गोडवा आणि चकाकी देणं. एक चमचा मिरिनच्या जागी पाऊण चमचा पाणी आणि पाव चमचा साखर घाला. मधाला स्वतःचा वास असतो, तो वरचढ होतो. व्हिनेगर तांदळाचं मिळालं तर उत्तम, नाहीतर साध्या व्हिनेगरमध्ये तिसरा हिस्सा पाणी. सोया सॉसच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. घटकांत पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच असलेला घ्या. कॅरॅमलचा रंग घातलेला काळा सॉस या जेवणात चालत नाही.

म्हणजे तुमच्या बावीस जिन्नसांतून मुद्दाम शोधून आणायचे फक्त चार राहतात: मिसो, सोया सॉस, कोम्बू आणि वाळके शिताके. मिसो एकच घ्यायचं तर फिकं घ्या, ते सौम्य असतं. आणि उघडल्यापासून फ्रिजमध्ये ठेवा. नागपूरच्या मेमध्ये ओट्यावर राहिलेलं मिसो पंधरा दिवसांत गडद आणि तिखटसर होतं. फ्रीजरमध्ये ठेवलं तरी ते दगडासारखं गोठत नाही, चमच्याने निघतं.

विकत न आणता घरी करावी अशी एक गोष्ट मला तुमच्याकडून करून घ्यायची आहे, ती म्हणजे ‘शिचिमी’. सात जिन्नसांची ही पूड तिथे सूपावर, शेवयांवर भुरभुरतात: लाल मिरची, सान्शो, संत्र्यासारख्या फळाची वाळकी साल, काळे आणि पांढरे तीळ, खसखस, आलं किंवा समुद्री पान, घराप्रमाणे बदल. यातला सान्शो म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला. मिरची भिवापूरची आपल्या जिल्ह्यातलीच. आणि साल? संत्र्याच्या गावात सालीला काय तोटा! आंबिया बहाराची संत्री आली की साल धुऊन घ्या, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा, नाहीतर कडू होते. तीन उन्हं द्या, हातात मोडली की कट्कन आवाज यायला हवा. तिरफळातलं काळं बी काढून टाका, फक्त टरफल घ्या. मिरचीचे दोन हिस्से, साल, पांढरे तीळ आणि काळे तीळ एकेक हिस्सा, खसखस अर्धा, सुंठ पाव आणि तिरफळही पाव. तीळ-खसखस भाजून अख्खीच ठेवायची, बाकीचं खलात जाडसर कुटायचं. मिक्सरमध्ये एकदम फिरवलं तर तिळाला तेल सुटून गोळा होतो.

गेल्या हिवाळ्यात एकीने भिवापूरहून तिच्या मामांकडची मिरची आणली होती. खलात सालीचा तुकडा आणि ती मिरची एकत्र कुटली, तेव्हा आधी संत्र्याचा वास आला, मग ठसका, आणि सगळ्यात शेवटी तिरफळाने जिभेवर मुंग्या आणल्या. जपानातून आणलेली माझी डबी शेजारीच होती. सगळ्यांनी आळीपाळीने दोन्हींचा वास घेतला. त्यानंतर मी ती डबी परत मागवलेली नाही.

उन्हाळा लागला की लेकीला ‘मुगिचा’ करून द्या. जव कोरड्या कढईत मंद आचेवर कॉफीच्या रंगावर भाजायचे, मूठभर जव दोन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळायचे, गाळून गार करायचं. साखर नाही, दूध नाही. ओसाकाचा दमट उन्हाळा लोक याच्यावरच काढतात, आपल्या पंचेचाळीस अंशांतही ते गोड लागतं.

आणि दाशी गाळल्यावर उरलेला कोम्बू आणि शिताके फेकू नका. दोन्ही बारीक चिरून थोडा सोया सॉस, साखर आणि चमचाभर व्हिनेगर घालून पाणी आटेपर्यंत शिजवा, वर तीळ. काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं आणि गरम भातावर चटणीसारखं लागतं. लेकीने हे तिथे खाल्लेलं असणार. तिला ‘त्सुकुदानी’ असं नाव सांगा, लगेच ओळखेल.

शनिवारी रात्री कोम्बू भिजत घाला आणि रविवारी भात, मुळ्याचं सूप, पालक एवढंच करा, जास्त पसारा नको. तुमच्याकडे नळाचं पाणी येतं की बोअरचं, तेवढं मला कळवा. सूप तुरट लागलं तर मी आधी तिथूनच शोधायला लागेन.